नागिणीच्या दुखण्यावर विजया तेल: एका जुन्या केमिस्टचा अभिप्राय

आधी निकाल सांगून टाकते, कारण लांबलचक अभिप्राय वाचताना थेट खाली जाऊन निकाल शोधायची सवय मलाही आहे. भांगेच्या पानांपासूनच्या या तेलाने झोप दिली. दुखणं गेलं नाही, पण रात्री त्याची धार बोथट झाली. किंमत खिशाला चांगलीच लागते. विकणाऱ्यांनी जे विचारायला हवं होतं ते विचारलं नाही आणि बाटलीवर जे छापायला हवं होतं ते छापलं नाही. पाचपैकी तीन गुण, त्यातला अर्धा खोक्याच्या पॅकिंगला.

ब्रँडचं नाव देत नाही. याच पद्धतीने विजया तेल विकणारे आता बरेच झालेत आणि माझं म्हणणं एका बाटलीपुरतं नाही.

मी मिरजेची. आमचं औषधांचं दुकान, मी स्वतः डी. फार्म., आयुष्याची तीसेक वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. कर्नाटकातून, कोकणातून पेशंट येतात, त्यामुळे डॉक्टरांचं कसलंही अक्षर वाचायचा सराव दांडगा. दुकान आता भाचा बघतो. मला मागच्या वर्षी नागीण झाली. डाव्या बरगडीखाली पट्टा उठला. शेजारणीने गेरू लावायला सांगितला, आणि दोन्ही टोकं जुळली तर माणूस राहत नाही अशी भीतीही घालून गेली. मी असायक्लोव्हिर वेळेत सुरू केलं. फोड वाळले, खपल्या पडल्या, कातडी पूर्ववत झाली, पण दुखणं मागे राहिलं. साठीनंतर हे पुष्कळांचं होतं. ब्लाउजची शिवण नुसती टेकली तरी आतून कुणी तापलेली सळई फिरवतंय असं वाटतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसत नाही. रात्री जास्त.

रीतसर औषधं सगळी करून झाली. प्रीगाबालिनने दुखणं उतरायचं, पण सकाळी बाथरूमला जाताना भिंत धरावी लागायची आणि पावलं सुजायची. नॉर्ट्रिप्टिलिनने तोंडाला कोरड आणि पोट गच्च. लिडोकेनचे पॅच चांगले, पण मिरजेच्या एप्रिलमध्ये घामाने दुपारपर्यंत अंगावर टिकतील तर शपथ. डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल सुचवलं ते मी नको म्हटलं. ट्रॅमाडॉल मी दुकानातून किती दिलंय आणि त्यात अडकलेली माणसं किती पाहिलीत ते माझं मला माहीत.

जावेची मुलगी मुंबईला असते. तिने विजया तेलाचं नाव काढलं. आमचे हे पेपर खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे भांगच की." होय, भांगच. पण भांगेच्या पानांचा अर्क तिळाच्या तेलात, वर आयुर्वेदिक औषधाचं लायसन आणि वैद्याची चिठ्ठी.

मागवायची पद्धत अशी. वेबसाइटवर फॉर्म भरायचा: दुखणं कुठे, दहापैकी किती, झोप कशी. गर्भवती आहात का, हाही प्रश्न होता, त्याला उत्तर दिल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. दिलं. मग वैद्यांचा व्हिडिओ कॉल. मुलगा तरुण, बोलायला गोड, पण चहा गार व्हायच्या आत कॉल संपला. इतर कोणती औषधं चालू आहेत हे त्याने विचारलं नाही. मीच रक्तदाबाची गोळी सांगितली. मग मुद्दाम विचारलं, "समजा कुणी रक्त पातळ ठेवायचं औषध घेत असेल तर?" म्हणाला, "नॅचरल आहे मॅडम, काही प्रॉब्लेम नाही." इथे माझा पारा चढला. गांजाच्या झाडातल्या सीबीडीने वॉरफरीनचं रक्तातलं प्रमाण वाढतं, हे छापील नोंदींमध्ये आहे. हृदयाची झडप बदललेला पेशंट असं तेल मुकाट घेत बसला तर रक्तस्राव होऊ शकतो. धोत्राही नॅचरलच असतो. चिठ्ठी मात्र ईमेलवर लगेच आली, नोंदणी क्रमांकासह.

बाटली कुरिअरने घरी. गेटवर ज्या मुलाने दिली त्याच्या पिशवीत कुणाचे बूट होते, कुणाचं मोबाइलचं कव्हर होतं. ओटीपी सांगितला, झालं.

आता लेबल. जुनी खोड, डबा उघडायच्या आधी चष्मा लावून लेबल वाचते. तीस मिलीची काळपट काच, ड्रॉपर चांगला, थेंब नेमका पडतो. विजया पत्र अर्क इतके मिलिग्रॅम, तिळाचं तेल पुरेसं, उत्पादकाचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत. आणि इंग्रजी-हिंदीत सावधानतेची ओळ: वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे. ही ओळ कंपनीने हौसेने टाकलेली नसते. औषधं व सौंदर्यप्रसाधनं कायद्याच्या नियमांत ई-वन नावाची यादी आहे, आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची. त्यात अफू आहे, बिब्बा आहे, धोत्रा, कण्हेर, कुचला, बचनाग आहे, आणि भांगही आहे. यातलं काही पोटात घ्यायच्या औषधात असलं की ती ओळ छापावीच लागते.

जे छापलेलं नव्हतं ते सांगते. टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे बाटलीवर कुठेच नाही. टीएचसीने नशा येते, सीबीडीने येत नाही. घेणाऱ्याला पहिल्यांदा हेच कळायला हवं. त्याऐवजी एक क्यूआर कोड होता. स्कॅन केला तर प्रयोगशाळेचा अहवाल उघडला, देखणा, आलेखासकट. बॅच नंबर जुळवून बघितला. माझ्या बाटलीचा नव्हताच तो, दुसऱ्याच बॅचचा होता. आमच्या दुकानात असं बिल आणि माल वेगळा सापडला असता तर ड्रग इन्स्पेक्टरने खुर्ची ओढून दुपारभर बैठक मारली असती.

ज्या गोष्टीने माझ्यातला केमिस्ट सगळ्यात जास्त चक्रावला ती पुढे आहे. अल्प्राझोलाम म्हणजे झोपेची साधी गोळी. ती शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे नोंद ठेवूनच द्यायच्या औषधांच्या यादीत आहे, शिवाय अमली पदार्थांच्या कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, यादीतही आहे. पाकिटावर लाल अक्षरांत एनआरएक्स, म्हणजे अमली कायद्यातल्या औषधाची खूण. ती देताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, नग, सगळं वेगळ्या रजिस्टरात उतरवायचं आणि ते तीन वर्षं सांभाळायचं. ट्रॅमाडॉल 2018 च्या एप्रिलमध्ये एनडीपीएसखाली आलं, तेव्हा आमच्या लाइनीतल्या दुकानदारांची झोप उडाली होती. शेल्फवरचा माल कालपर्यंत औषध आणि आज गुन्ह्याच्या पुराव्यासारखा दिसायला लागला. आणि आयुर्वेदिक औषध? ते बनवायला परवाना लागतो, विकायला लागतच नाही. म्हणजे टीएचसी असलेलं तेल बूट पोचवणारा मुलगा दारात देऊन जातो, आणि झोपेच्या गोळीची एक पट्टी द्यायला मला रजिस्टर, सही, शिक्का. आता यातलं धोकादायक जास्त कोणतं हा वाद घालता येईल, मी गोळीच म्हणेन. पण दोन्ही ठिकाणी पेशंटला दोन शब्द सांगायला जबाबदार माणूस असावा की नको? माझं मत स्पष्ट आहे: हे तेल मेडिकलच्या काउंटरवरून, फार्मासिस्टच्या हातून, रजिस्टरात नोंदून मिळावं. लपतछपत नको आणि शाम्पूसारखंही नको.

तेलाबद्दल. जिभेखाली थेंब धरायचे, मग गिळायचे. चव ओल्या गवताची, मागून कडवट, तिळाचं तेल ती झाकत नाही. परिणाम यायला तासभर लागतो, म्हणून जेवण आवरलं की घ्यायचं आणि अंथरुणाशी थांबायचं. सुरुवातीच्या थेंबांनी काहीच कळलं नाही. हळूहळू वाढवत गेल्यावर एक टप्पा असा आला की बरगडीखाली दुखतंय हे कळतं, पण त्याच्यावर चिडावंसं वाटत नाही. तेवढ्यात डोळा लागतो. पहाटे तीनला उठून पंख्याकडे बघत बसणं थांबलं. माझ्या लेखी ही मोठी गोष्ट आहे, अडीच गुण त्याचेच.

दिवसाच्या दुखण्यावर फरक नगण्य. चिठ्ठीवरच्या वरच्या मात्रेला तोंडाला कोरड पडली, डोकं जड, आणि शेजारच्या खोलीत चाललेली मालिका फारच लांबलीय असं वाटायला लागलं. (ती एरवीही लांबतेच.) तेवढी मात्रा मला नको, मी खालीच राहिले. साठीपुढच्यांनी हे घेऊन रात्री अंधारात उठू नये, खुब्याचं हाड मोडलं तर नागीण परवडली म्हणायची वेळ येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर चालवायची असेल तर अंगात किती उतरलंय ते आधी पारखून घ्या.

शास्त्र काय म्हणतं तेही सांगणं माझं काम. नसांच्या दुखण्यावर गांजापासूनची औषधं कितपत चालतात याचा कॉक्रेनने, म्हणजे औषधांवरचं संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, 2018 मध्ये आढावा घेतला. निष्कर्ष थंड होता: फायदा असला तरी दुष्परिणाम त्याच्यावर मात करू शकतात, आणि पुरावा कच्चा. सीबीडीचं एक औषध मात्र अमेरिकेत त्याच वर्षी रीतसर मंजूर झालं, लहान मुलांच्या दोन अवघड प्रकारच्या फिट्सवर. वेबसाइटवर मधुमेहापासून नैराश्यापर्यंत सगळ्यांची चित्रं लावली आहेत, त्यांना माझ्याकडून शून्य.

पुतण्या सांगली कोर्टात वकिली करतो, एनडीपीएसचे जामीन त्याच्या नेहमीच्या कामातले. त्याला बाटली दाखवली. त्याने ती उन्हात धरून बघितली आणि हसला. "काकू, बाटली कुठेही ठेवा, चिठ्ठी बाटलीपासून लांब ठेवू नका." मग त्याने जे सांगितलं ते असं.

एनडीपीएस कायदा 14 नोव्हेंबर 1985 ला लागू झाला. त्यात चरस येतो, गांजा येतो. पण गांजाची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्याची आहे. शेंडे बरोबर नसतील तर पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर. म्हणून पानाची भांग केंद्राच्या कायद्यात सुटते आणि म्हणूनच माझ्या बाटलीवर 'पत्र' हा शब्द ठळक आहे. कंपनीचा सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा. कर्नाटक उच्च न्यायालयाने 2022 मध्ये भांग या कायद्यात बसत नाही म्हणून जामीन दिला. मुंबई उच्च न्यायालयानेही त्याच वर्षी एका जामिनात पानं-बिया वेगळ्या काढल्या. इथवर मी सुटकेचा श्वास टाकला. तर म्हणतो, "थांबा. त्याच कायद्याच्या मागच्या यादीत टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल स्वतः बसलंय, मनावर परिणाम करणारा पदार्थ म्हणून." म्हणजे पान बाहेर आणि पानातला टीएचसी आत! वैद्यकीय वापराला सवलत आहे, पण नियमांत सांगितलेल्या रीतीनेच.

आणि मग आपलं महाराष्ट्र. इथे 1949 चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, तोच, ज्याच्यामुळे 'आरोग्य राखण्यासाठी' असं म्हणत दारू प्यायचा परवाना काढतात. त्या कायद्यात परवान्याशिवाय भांग बाळगणं गुन्हा आहे. केंद्र सोडतं, राज्य धरतं. गुजरातनेही हाच जुना कायदा चालवला, पण 2017 मध्ये त्यांनी भांग त्यातून काढून टाकली. तिकडे जैसलमेरच्या किल्ल्याखाली सरकारमान्य भांगेचं दुकान आहे, पाटीसकट, पर्यटक फोटो काढतात. तीच भांग पिशवीत घालून आपल्या हद्दीत आणली की गुन्हा. औषधाच्या कायद्याकडे जावं तर भांग वैद्यकीय देखरेखीखाली घ्यायचं द्रव्य. "मग माझी बाटली नक्की कोण?" असं विचारल्यावर वकीलसाहेब म्हणाले, "जो अधिकारी दारात येईल त्याच्यावर आहे. एफडीएचा, म्हणजे औषध प्रशासनाचा, आला तर औषध. एक्साइजचा आला तर आधी चिठ्ठी काढा, मग चहा टाका."

सरकारचं मन यात इतक्या वेळा पालटलंय की कोणतं धोरण चालू आहे हे सांगायला तारीख लागते. शिकताना आम्हाला ओशॉनेसी होता. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातला हा डॉक्टर 1839 मध्ये धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांच्या आकडीवर गांजाचा अर्क देऊन बघत होता. (ती आकडी, आणि 2018 चं ते अमेरिकन औषध. मधे जवळजवळ पावणेदोनशे वर्षं.) इंग्रजांनी 1893 मध्ये आयोग नेमला, हजारावर साक्षी घेतल्या आणि पुढच्या वर्षी अहवाल आला की बेतात घेतलं तर फारसं काही बिघडत नाही, बंदी नको, परवाना आणि कर ठेवा. महसूलही त्यांना हवाच होता म्हणा. 1961 च्या जागतिक करारात फुलोरा अडकला, पान सुटलं, आणि 1985 च्या आपल्या कायद्याने तीच रेघ पुढे ओढली.

त्या कायद्याचा दुसरा घाव मला जास्त लागतो, तो मॉर्फिनचा. एनडीपीएस आला आणि कर्करोगाच्या पेशंटना द्यायच्या मॉर्फिनचा देशातला वापर दहा-बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. बंदी नव्हती हो! पण परवाने इतके आणि शिक्षा इतक्या कडक की दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं, दुकानांनी तर आधीच. गंमत अशी की अफू आपल्याच देशात सरकारी परवान्यावर पिकत होती. पोटाचा कॅन्सर झालेला बाप घरी विव्हळतोय आणि मुलगा माझ्या काउंटरवर चिठ्ठी घेऊन उभा, आणि माझ्याकडे द्यायला पॅरासिटामोल नाहीतर डायक्लोफिनॅक. 2014 मध्ये कायदा दुरुस्त करून काही अमली औषधांना 'अत्यावश्यक' म्हटलं, मान्यताप्राप्त संस्थांना वाट सोपी केली. एकोणतीस वर्षं लागली. ज्यांना 'औषधी गांजा' म्हणजे चैन वाटते त्यांनी हा मॉर्फिनचा हिशेब एकदा मांडावा.

अलीकडचं बघा. 2017 मध्ये मेनका गांधी मंत्री असताना वैद्यकीय गांजाला परवानगी द्यावी असं त्यांनी सुचवलं. 2018 मध्ये उत्तराखंडने कमी टीएचसीच्या झाडाची, म्हणजे 0.3 टक्क्यांपर्यंतच्या, व्यापारी लागवड सुरू करायला परवाना दिला. 2020 चं वर्ष तर बघण्यासारखं. सप्टेंबरमध्ये मुंबईत केंद्राची अमली पदार्थविरोधी यंत्रणा एनसीबी सिनेमावाल्यांचे जुने व्हॉट्सअ‍ॅप मेसेज उघडून चौकश्या करत होती, चॅनेलवाले गाड्यांच्या मागे धावत होते. डिसेंबरच्या 2 तारखेला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सगळ्यात कडक यादीतून काढायचा ठराव मतदानाला आला, 27 विरुद्ध 25 ने जिंकला. भारताने मत कुणाला दिलं? काढण्याच्या बाजूने. त्याच महिन्याच्या शेवटी गोव्याच्या कायदा खात्याने औषधी लागवडीच्या प्रस्तावाला हिरवा कंदील दाखवल्याची बातमी आली, आरडाओरडा झाला आणि प्रस्ताव गुंडाळला गेला. केंद्राच्याच वैज्ञानिक संशोधन परिषदेची, सीएसआयआरची, जम्मूची संस्था मात्र कॅनडाच्या कंपनीला जोडीला घेऊन औषधासाठी गांजा पिकवते, आणि मंत्री तिथे जाऊन कौतुक करतात.

आमच्याकडे जतच्या बाजूला, साताऱ्याकडे, दर हंगामात बातमी असतेच: उसाच्या, मक्याच्या, हळदीच्या आत गांजाची झाडं सापडली, शेतकऱ्याला अटक. लागवडीला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 2021 मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने कलेक्टरकडे सरळ अर्जच टाकला होता, कुठल्याच पिकाला भाव नाही, दोन एकरांत गांजा लावू द्या. अर्ज पोलिसांकडे गेला, पोलीस म्हणाले प्रसिद्धीसाठी केलंय. असेलही. पण उत्तराखंडातला माणूस हाच अर्ज करतो तेव्हा तो उद्योजक असतो. माझ्या बाटलीतली पानं कुठून आली हे लेबलवर नाही. जतहून नक्कीच आली नसणार.

मुलगी न्यू जर्सीत असते. मधे तिच्याकडे गेले तेव्हा बाटली घरीच ठेवली. सामानात असलं तेल घेऊन अमेरिकेच्या कस्टमपुढे उभं राहायची छाती नाही, आणि सिंगापूर-दुबईवरून जाणाऱ्यांनी तर विचारही करू नये. तिच्या गावात किराणा, पार्लर, आणि त्याच ओळीत गांजाचं दुकान. त्या राज्याने औषधासाठी कायदा 2010 मध्ये केला, सगळ्या प्रौढांना विक्री एप्रिल 2022 पासून. दुकान दागिन्यांच्या पेढीसारखं लखलखीत, दारात ओळखपत्र बघणारा धटिंगण. मी आत जायला निघाले तर मुलीने हात धरला. तिचा नागरिकत्वाचा अर्ज करायचाय. राज्यात दुकान कायदेशीर असलं तरी केंद्राच्या कायद्यात गांजा तेव्हा हेरॉइनच्याच पहिल्या यादीत होता, आणि नागरिकत्व देणारं खातं केंद्राचं. 2019 मध्ये त्या खात्याने स्पष्टच लिहून ठेवलं की राज्यात चालत असलं तरी गांजाशी संबंध 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतो. 2024 च्या मे महिन्यात गांजा तिसऱ्या यादीत उतरवायचा प्रस्ताव त्यांच्याच न्याय खात्याने काढला होता. म्हणजे दिव्याखालचा अंधार तिकडेही आहे, फक्त दिवे मोठे. माझ्या त्या मुक्कामातल्या रात्री प्रीगाबालिनवर गेल्या, पाय सुजले, मुलगी ओरडली.

किंमत: बाटली साडेतीन हजारांच्या आसपास, माझ्या मात्रेला महिन्याहून थोडी जास्त पुरते. मेडिक्लेम यातलं काही देत नाही. पेन्शन नसलेल्या माणसाला हे झेपणारं नाही, आणि दुखणं काही पेन्शन बघून येत नाही.

परत आल्यावर कंपनीला सविस्तर लिहिलं. टीएचसी-सीबीडीचं प्रमाण बाटलीवर छापा. क्यूआर कोडमागे त्याच बॅचचा अहवाल ठेवा. वैद्यांना चालू औषधं विचारायला लावा, निदान रक्त पातळ करणारी आणि फिट्सची. खाली माझा फार्मासिस्ट नोंदणी क्रमांकही घातला. उत्तर तासाभरात आलं. माझ्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार, माझा अभिप्राय त्यांच्यासाठी अमूल्य, आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट, कूपन महिनाअखेरपर्यंत चालेल.

कूपन वापरलं. रात्री झोप लागते, त्याला काय करणार? नवीन बाटलीचा क्यूआरही तपासला. अहवाल अजून तोच आहे.